मोहरीच्या वाटीतल्या गोळ्या

सोमवार, १२ जानेवारी

सुलू, कशी आहेस? घसा कसा आहे? नळीने सोलवटला असेल. पोटाचे टाके ओढतात का? गुडघा? चार नंबरच्या खाटेवरचे मास्तर कसे आहेत, काल त्यांचं मशीन फार ओरडत होतं. पलीकडची ती तरुण बाई, जिचा नवरा बाहेर माझ्याच बाकावर बसतो, तिचा ताप उतरला का? आणि सिस्टर जिन्सींची कंबर? दिवसभर उभ्या असतात बिचाऱ्या.

हसशील. तुझीच पद्धत उचलली. गावी बहिणीला पत्र लिहायचीस, तर अर्धा कागद खुशाली विचारण्यात जायचा. जाऊबाई, भावोजींचा दमा, म्हातारी, पाडी व्याली का. मी म्हणायचो, पत्र लिहितेस की हजेरी घेतेस? स्वतःबद्दल शेवटी एकच ओळ, आम्ही ठीक.

ही वही सि. जिन्सींमुळे. केरळच्या, पण मराठी बोलतात, त्यांच्या पद्धतीने. म्हणाल्या, "काका, रोज दोन लाइन लिहा. काकू उठली की मधला दिवस तिला सापडत नाही. पेशंट घाबरतो, मी कुठे होती, काय झालं. मग हे वाचायला द्यायचं."

तर मधले दिवस. बुधवारी सकाळी बेंबीजवळचा तो गोळा दगडासारखा झाला. सहा वर्षं लुगड्याच्या निरीखाली लपवलास. आतडं अडकलं होतं. दुपारी ऑपरेशन. ते चांगलं झालं म्हणाले. पण फुप्फुसं तुझी आधीच थकलेली, लालबागच्या मसाल्याच्या डंकावर तीस उन्हाळे मिरची भाजलीस, ती कुठे जाणार. शनिवारी श्वासाचं मशीन काढून बघितलं, दम लागला, परत लावलं. आज सहावा दिवस.

दवाखान्यात मिक्श्चरच्या बाटलीला मी कागदाची पट्टी चिकटवायचो, डोसांच्या खाचा पाडून. आठवतं? तशी एक पट्टी या पानाला चिकटवली आहे. सहा खाचा. बाटली रिकामी होताना खाचा कमी व्हायच्या. इथे वाढतात.

मंगळवार, १३ जाने.

सकाळी दहा ते साडेदहा आत सोडतात, मग संध्याकाळी पाच ते साडेपाच. एकालाच. अंगावर झगा, हाताला ते थंडगार पाणी चोळायचं. आत गेलो तर तू अर्धी बसल्यासारखी. मान एका बाजूला. मला बघवेना. जन्मभर चटईवर आडवी पडलेली बाई, उशीसुद्धा नको म्हणणारी. खाटेच्या पायथ्याशी दांडा दिसला, हात घातला, म्हटलं जरा खाली करू.

"काका! हात काढा!" सि. जिन्सी एवढ्या जोरात ओरडल्या की मास्तरांचे डोळे उघडले. मग जवळ येऊन हळू आवाजात, "झोपवायचं नाही. पोटातलं वर येतं, घशात येतं, मग छातीत जातं. डोकं वरच पाहिजे." मी बावीस वर्षं कंपाउंडर. हे मला ठाऊक नव्हतं.

दर काही तासांनी तुझं तोंड औषधाच्या पाण्याने पुसतात. दात, हिरड्या, जीभ. तान्ह्या पोराचं पुसावं तसं. का, विचारलं. म्हणाल्या, तोंडातले जंतूच नळीच्या बाजूने खाली सरकतात.

दुपारी घरी. इंदू परब आली दाराशी. "काय ओ कंपाउंडर, वैनी कशी आसा? आणि माका दोन गोळये देवा मगे, घसो धरलोहा." मिसळणाचा डबा काढला. मोहरीच्या वाटीतल्या दोन दिल्या. तुझी आठवण झाली. डबा तुझा, वाट्या तुझ्या, नवा घेतलास तेव्हा हा मला दिलास: "घ्या, तुमच्या गोळ्यांना." जिऱ्याच्या वाटीत तापाच्या, हळदीच्या वाटीत पोटाच्या, मोहरीच्या वाटीत खोकल्या-घशाच्या मोठ्या गोळ्या.

चाळीत कुणाला तीन दिवसांत बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या माझ्याकडे. औषध वाया घालवायचं नाही. असं चाललंय किती वर्षं.

बुधवार, १४ जाने. संक्रांत

आठवी खाच.

खिशात तिळाचे लाडू घेऊन गेलो होतो. सि. जिन्सींना दिला, त्यांनी मास्क खाली करून बाहेर जाऊन खाल्ला. तुला काय देणार. तू बोलतच नाहीस तर गोड काय नि कडू काय.

अंग तापलेलं. एकशे दोन. नळीतून ओढतात तो कफ कालपर्यंत पाण्यासारखा होता, आज हिरवट, चिकट. एक्स-रे काढला, उजवीकडे खाली पांढरं आलंय. डॉ. इनामदार, त्या लहानखुऱ्या चष्मेवाल्या, बाहेर आल्या. मी आणि आपली मंजू दोघे उभे. म्हणाल्या, "व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया आहे. ज्या नळीने श्वास देतो तीच जंतूंची शिडी होते. कफाचा नमुना पाठवलाय. कुठला जंतू आहे ते कळायला दोन-तीन दिवस. तोवर अंदाजाने औषध सुरू करते."

मग त्यांनी चार गोष्टी विचारल्या. साखर किती वर्षं, तंबाखू-मिश्री, आधी कधी दवाखान्यात दाखल, घरी काय औषधं. मी सांगितल्या.

मंजू दुपारी ऑफिसला गेली. मी बाकावर. लाडू तसाच खिशाला चिकटून बसला.

गुरुवार, १५ जाने.

एकशे तीन. मशीनवरचा प्राणवायूचा आकडा काल चाळीस होता, आज साठ, म्हणजे जास्त लागतोय. औषध चालू होऊन चोवीस तास होऊन गेले, उतार नाही.

डॉ. इनामदारांना गाठलं. विचारलं, यातून माणसं उठतात की नाही, सरळ सांगा. चांगली आहे ती मुलगी, उभ्या उभ्या उडवून लावलं नाही. बाकावर माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "पुष्कळ उठतात. कोण उठत नाही हेही थोडंफार माहीत असतं. वय जास्त असलं, साखर असली, फुप्फुसं आधीपासून खराब असली, मशीनवर बरेच दिवस झाले असले, मूत्रपिंडं दमली, तर जड जातं. हे काही आपल्या हातात नसतं. हातात एकच असतं. पहिल्या दिवसापासून योग्य औषध मिळणं. जंतू औषधाला दाद देणारा नसला आणि ते आम्हाला उशिरा कळलं, तर मधले दिवस परत मिळत नाहीत." मग पुन्हा विचारलं, "नक्की ना, तीन महिन्यांत काही अँटिबायोटिक नाही?"

मी मान हलवली. नाही.

सुलू, काल मी या वहीत अर्धं लिहिलं. चार नाही, पाच गोष्टी विचारल्या होत्या. पाचवी ही: "आजोबा, गेल्या तीन महिन्यांत यांना कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं का? दाताचं, लघवीचं, खोकल्याचं, कुठलंही? थोडंसुद्धा?" मी म्हणालो, "छे, नाही. साध्या तापाच्या गोळ्या, बाकी काही नाही."

का म्हणालो? मंजू मागे उभी होती. पाच वर्षं ती म्हणते आहे, बाबा तो डबा फेका. आणि मी तिला म्हणायचो, तुझे डिग्रीवाले डॉक्टर जन्माला यायच्या आधीपासून मी औषध बांधतोय. गिरणी गेल्यावर भोईवाड्याच्या दवाखान्यात लागलो तेव्हा मला काय येत होतं? गोळ्यांच्या खोक्यातली ती पातळ घडीची चिठ्ठी भिंग लावून, शब्दकोश घेऊन वाचायचो. एकेक शब्द. आमचे डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, आणि चाळ माझ्या दाराशी यायला लागली. कंपाउंडर म्हणत म्हणत कुणी कुणी डॉक्टरही म्हणायला लागले. गोड वाटलं. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालो.

घरी येऊन डबा पुढ्यात घेतला. आठवून लिहिलं, तुला कधी काय दिलं ते:

दिवाळीत, भाऊबीजेच्या आदल्या दिवशी खोकला. मोहरीच्या वाटीतल्या तीन.
मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, उपास होता म्हणून दुधाबरोबर. दोन. दुसऱ्या दिवशी आणखी दोन, वेगळ्या. पहिल्या संपल्या होत्या.
नाताळात थंडी पडली तेव्हा चार दिवस. एकेक.

पुरा कोर्स एकदाही नाही. बरं वाटलं की थांबवायचो. पोटाला उगाच कशाला त्रास. असंच दर वर्षी, तुझ्या प्रत्येक खोकल्याला. अर्ध्या औषधाने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. त्या चिठ्ठीतच. वाचलं आणि घडी घालून ठेवलं.

शुक्रवार, १६ जाने.

सकाळी नऊलाच जाऊन उभा राहिलो. हिंदमाताच्या पुलाखालून चालत गेलो, पाय जड. डबा पिशवीत.

डॉ. इनामदार राउंडला निघाल्या होत्या. म्हटलं, "बाई, दोन मिनिटं. मी खोटं बोललो." कागद पुढे केला. कालचा, तारखा सणावारांच्या. त्यांनी उभ्यानेच वाचला. मग पिशवीकडे बघितलं. मी डबा काढला, झाकण उघडलं. त्या वाट्या बघून त्यांना क्षणभर कळलंच नाही, मसाला आणलाय की काय.

मग एकेक पाकीट उलटं करून नाव वाचायला लागल्या. मोहरीच्या वाटीत तीन निरनिराळी निघाली. दोन तुटक्या पाकिटांवर नावच नव्हतं, रंगावरून मी ओळखायचो. त्यांनी विचारलं, "ही कुठली?" मी सांगितलं, पांढरी लांबट, मधे रेघ, ती अमकी. त्या म्हणाल्या, "खात्री आहे?" मी म्हणालो, "नाही."

रागावतील वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. फक्त म्हणाल्या, "आजोबा, हे परवा..." आणि पुढचं गिळलं. आत वळल्या, तिथूनच सिस्टरला आवाज दिला. औषध बदललं. दोन नवी. एक नळीतून, एक शिरेतून.

मी बाकावर बसलो. त्या तरुण बाईचा नवरा, वरळी कोळीवाड्याचा आहे, धंदा मासळीचा, रोज डबा आणतो आणि मला अर्धी भाकरी देतो. विचारलं त्याने, "काय झाला बाबा?" सांगितलं. सगळं. अनोळखी माणसाला सांगता आलं. त्याने अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाला, "आमच्या घरात पण हाय असा डबा. सगल्यांच्या हाय."

दहावी खाच.

शनिवार, १७ जाने.

रिपोर्ट आला. जंतू पहिल्या औषधाला दाद देत नव्हता. अजिबात नाही. एकूण तीनच औषधांना देतो, त्यातलं एक कालपासून चालू आहे. म्हणजे कालची सकाळ आणि आजचा रिपोर्ट यात एक दिवस वाचला. आणि बुधवार ते शुक्रवार दोन दिवस गेले. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, तसं दोन दिवस चाललं.

डॉ.ना विचारलं. डब्यामुळे? त्या म्हणाल्या, "जंतू इथलाही असू शकतो. आय.सी.यू.त असे जंतू राहतात, आम्ही कितीही हात धुतले तरी. तुमच्या डब्यामुळेच असं मी लिहून देऊ शकत नाही. डब्यामुळे नाही असंही लिहून देऊ शकत नाही." मग म्हणाल्या, "नवं औषध मूत्रपिंडाला जड आहे. लघवी किती होते त्यावर डोळा ठेवायचा."

मंजूला मी सांगायच्या आधी कागदावरून कळलं, फाइलमध्ये तो लावलेला. जिन्याखाली मला बाजूला घेतलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हा मी मागे उभी होते. मला केवढं बरं वाटलं माहितीये? म्हटलं चला, चाळीला वाटत असतील, आईला तरी दिल्या नाहीत."

आणि चालती झाली. संध्याकाळी ती आत गेली तुला बघायला. मी खाली थांबलो.

रविवार, १८ जाने.

लघवी कमी. पायांना सूज. ताप एकशे एक.
मंजू बोलत नाही. चहाचा कप मात्र ठेवून गेली शेजारी.

मंगळवार, २० जाने.

चौदावी खाच. ताप शंभरावर आला. प्राणवायूचा आकडा पन्नास. रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा वर आहे, पण कालच्यापेक्षा चढला नाही. सि. जिन्सी म्हणाल्या, "काका, मशीनला बघू नका, काकूला बघा. आज भुवई उचलली." मी बघितलं. उचललीस.

दुपारी इंदू आली. घसा अजून धरलेला, वर खोकला. "दोनच व्हये." मी म्हणालो, "इंदू, डबा बंद. दवाखान्यात जा, पाच दिवसांच्या दिल्या तर पाच दिवस घे, आणि मागच्या मंगळवारी दोन मी दिल्या होत्या हे तिथे सांग." ती बघतच राहिली. "अरे देवा! वैनीक बरां नाय म्हणान आमच्यार राग? इतकी वर्सां दिलात, आताच काय विख झाला?" जिन्यावरून उतरताना मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं, "कंपाउंडरान दुकान बंद केल्यान गो!"

तिच्यामागून आणखी तिघं येऊन गेली. एकाने उरलेल्या गोळ्या ठेवायला आणल्या होत्या. प्रत्येकाला कारण सांगायचं तर तुझं सांगावं लागतं. सांगितलं. पहिल्यांदा जीभ अडखळली, तिसऱ्यांदा नाही.

गोळ्या इस्पितळाच्या औषधखिडकीवर नेऊन दिल्या, तिथल्या माणसाने पिवळ्या पिशवीत ओतल्या. खळखळ आवाज झाला. डबा घासला. मोहरीच्या वाटीला अजून कडू वास येतो.

गुरुवार, २२ जाने.

मास्तर गेले. सकाळी आत गेलो तर चार नंबरची खाट रिकामी, चादर ताणलेली. त्यांचं मशीन गप्प उभं. त्यांनाही छातीत हेच झालं होतं. त्यांची सून बाहेर कागदांवर सह्या करत होती, मला बघून म्हणाली, "काका, तुमच्या बाईंना सांभाळा." मास्तरांची आणि माझी ओळख एवढीच, त्या दिवशी मी खाटेच्या दांड्याला हात लावला तेव्हा त्यांनी डोळे उघडून बघितलं होतं.

तोंडातली नळी आता काढायची आणि गळ्याला भोक पाडून तिथून द्यायची. सोळा दिवस झाले. डॉ. इनामदार म्हणाल्या, "तोंड मोकळं होईल, गुंगीचं औषध कमी करता येईल, मशीन हळूहळू सोडवता येईल. मात्र बोलता येणार नाही, निदान सध्या." सही मागितली. पेन हातात घेतलं आणि हात थांबला. माझ्या निर्णयाने आधी काय झालंय. मंजू बाजूला आली. इतक्या दिवसांनी पहिलं वाक्य. "करा बाबा सही. विचारून करताय ना या वेळी."

केली.

रविवार, २५ जाने.

तू बघितलंस! नुसते डोळे उघडे नाही, बघितलंस. मी आत आलो, तू माझ्या झग्याकडे बघितलंस आणि तोंडाचा कोपरा हलला. न्हाव्याकडे बसल्यासारखा दिसतो मी त्यात, ठाऊक आहे.

ताप नाही, तीन दिवस. लघवी होतेय. दिवसा दोन तास मशीन सोडून श्वास घेतेस.

ओठ हलवत होतीस, आवाज येत नव्हता आणि घाबरत होतीस. मी घरून मंजूची लहानपणची दगडी पाटी नेली होती. सि. जिन्सींनी दारातच अडवली. "खडू नको काका, धूळ." त्यांनी पांढरी पाटी दिली, शाईच्या पेनाची. पेन तुझ्या बोटांत धरून ठेवलं, बोटं लोण्यासारखी. पहिली दहा मिनिटं नुसत्या रेघा.

मग लिहिलंस. मंजू.
मी म्हटलं, बरी आहे. जेवते. येते संध्याकाळी.
तुळस.
म्हटलं, पाणी घालतो. थोडी सुकली, जगेल.
इंदू खोक. एवढंच, पुढचं अक्षर खाली घसरलं. तिचा दर थंडीतला खोकला.
मला हसावं की रडावं. गळ्याला भोक, हाताला सुया, आणि ही बाई शेजारणीचा खोकला विचारतेय. सांगितलं, दवाखान्यात गेली, पुरा कोर्स घेतेय, माझ्यावर रागावली आहे.
भुवई उचललीस. का?
मी म्हटलं, सांगेन.

आणि मग शेवटी, तुझ्या पत्रात यायची ती उलटी ओळ. तुम्ही.

म्हणालो, बरा आहे. वेळ संपली होती, सिस्टर दारात उभ्या. पण वेळ संपली नसती तरी तेवढंच म्हणालो असतो, मला ठाऊक आहे.

बुधवार, २८ जाने.

पट्टीवर जागा संपली, दुसरी जोडली. बावीस.

आज सकाळी अंग पुन्हा कोमट. नव्व्याण्णवच्या वर, शंभर नाही. कफाचा नमुना परत पाठवला. डॉ. इनामदार म्हणाल्या, कदाचित काही नसेल, कदाचित दुसरा जंतू असेल. कळायला दोन-तीन दिवस. पुन्हा तेच दोन-तीन दिवस. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही, त्यांच्याकडे माझा कागद आहे.

तू जागी आहेस. काल चार तास मशीनशिवाय. बोटांत जोर येतोय.

सि. जिन्सींनी विचारलं, "काका, वही कुठे? आता द्या काकूला. थोडी थोडी." मी म्हटलं, उद्या देतो. आणि बाकावर बसून मागची पानं उलटली. चौदा तारीख. पंधरा तारीख. वही शिवलेली आहे, ती दोन पानं अलगद निघाली असती. तू उठल्यावर घाबरू नयेस म्हणून ही वही. त्यात हे कशाला, असंही मनात आलं. तुझी प्रकृती नाजूक, नंतर सांगता येईल, घरी आल्यावर, जेवताना वगैरे. चांगली कारणं होती सगळी. चौदा तारखेलाही होती.

मंजू शेजारी बसली होती. तिने पानं बघितली, वाचली नाहीत. म्हणाली, "तुम्ही ठरवा."

फाडली नाहीत. वही मंजूकडे देतो आहे, ती संध्याकाळी आत जाईल. तुझा चष्मा पुसून बरोबर दिला आहे. ती धरेल, तू वाच. तिला वाचून दाखवायला सांगू नकोस, ती दोन पानं तुझी तू वाच, दमलीस तर थांब. मी खाली जिन्यापाशी आहे.

रविवारी तू विचारलंस, तुम्ही. मी बरा आहे म्हणालो. ते उत्तर खोडून ठेव. खरं उत्तर पंधरा तारखेच्या पानावर आहे.

पाटी उशाशी आहे, पेनाचं टोपण सैल करून ठेवायला सांगितलंय, तुला उघडत नाही म्हणून. काहीही लिही. शिवी आली तर शिवी लिही, एक अक्षर निघालं तर एक. मंजू पाटी पुसणार नाही, तशीच बाहेर आणून मला दाखवेल, तसं तिच्याकडून कबूल करून घेतलंय. नेहमी सगळ्यांची विचारपूस करून झाल्यावर तू स्वतःचं लिहायचीस. या वेळी आधी तुझं लिही, सुलू, आणि लवकर लिही.